पाठ टेकली का नाय

टीव्हीवरची कुस्ती खोटी असते, हे मला समजावून सांगणाऱ्यांची रांग लावली तर ती माझ्या दुकानाच्या पायरीपासून चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत जाईल. नवऱ्यानं सांगून झालंय, दिरानं सांगून झालंय, ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायांनी सांगून झालंय. लाइटच्या मीटरचा फोटो काढायला येणारा माणूससुद्धा एकदा दारात थांबून म्हणाला, "ताई, हे सगळं आधीच ठरलेलं असतं बरं का." अरे बाबा, माहीत आहे मला! लग्नात नवरी कोणाच्या गळ्यात हार घालणार तेही आधीच ठरलेलं असतं, तरी तुम्ही जेवायला जाताच ना?

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा बॉबिनच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करते, कुस्ती लावते आणि काम चालू ठेवते. सरळ टीप मारायला माझे हात पुरेसे आहेत, डोळे मोकळेच असतात.

नाद लहानपणीचा. माझं माहेर पाचोडकडचं. भावाकडे परदेशी पैलवानांच्या फोटोंचे पत्ते होते. पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड सगळं छापलेलं असायचं, आणि ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचा पत्ता घ्यायचा. त्या सगळ्यांची मापं मला तोंडपाठ होती. आई चारचौघांत म्हणायची, "कार्टीला पाढे येत नाहीत, पण कोणत्या गोऱ्याची छाती किती, ते विचारा." पुढं शिवणक्लासला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, मापं ध्यानात ठेवणारी अशी पोरगी बघितली नाही. कुठून शिकले ते बाईंना काय सांगणार, कपाळ!

त्यामुळे पैलवान रिंगणात आला की मी आधी त्याचा कपडा बघते. एक आहे, मी त्याला जांभळा झगा म्हणते. तो आला की दिवे बंद होतात, धूर सुटतो आणि हा पायघोळ झगा सावरत इतका सावकाश चालतो की तेवढ्यात माझी एक बाही लावून होते. लोक नुसते वेडे होतात. मला दिसतं ते त्या झग्याचं अस्तर. वरच्या कापडापेक्षा बोटभर लांब! एवढा मोठा माणूस आणि शिंपी असला! कुस्तीही तशीच. समोरच्याला मिठी मारायची, दाबायचं आणि लोकांकडे बघत बसायचं. दुसरा एक पट्ट्यापट्ट्यांचा आहे, दोरावर चढून उडी मारतो. उडी झकास मारतो, नाही कशाला म्हणू? तो हवेत असला की माझा पाय पायडलवरून आपोआप सुटतो. पण पडल्यावर लगेच टुणकन उठतो. मेल्या, एवढ्या उंचावरून पडलास, जरा कण्हत पडून राहा की! कमरेला हात तरी लाव! दुखलंच नाही असं दाखवायचं असेल तर आम्ही जीव टांगणीला लावून कशाला बसायचं?

पंच मात्र मला मनापासून आवडतो. एकानं खुर्ची उचलली की नेमकं ह्याला दुसरीकडं काहीतरी दिसतं. आणि बायांच्या कुस्त्या हल्ली पुरुषांच्यापेक्षा सरस होतात, हे मी कोणालाही लिहून द्यायला तयार आहे.

पण माझा खरा आवडता म्हणजे गुलाबी चड्डी. ढेरी सुटलेला, अर्धं टक्कल पडलेला, पन्नाशीकडं झुकलेला. तो जिंकलेला मी आजवर बघितलेला नाही. नवीन पोरगं तयार झालं की त्याची पहिली कुस्ती गुलाबीशी लावतात, आणि गुलाबी असा काही पडतो की ते पोरगं एकदम वाघ वाटायला लागतं. हनुवटी छातीला, दोन्ही हात बाजूला सपकन, पाठ सपाट. मग डोळे फिरवून असा निपचित पडतो की मी दर वेळेला "गेला बिचारा" म्हणते. आणि त्याची चड्डी कधी उसवत नाही. दुहेरी टीप आहे तिला, मी मोठं करून बघितलंय. असा माणूस मला आवडतो.

ह्या सगळ्याचा आमच्या घरात एकच कट्टर शत्रू होता, आणि तो नेमका खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसायचा. माझे सासरे. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणते. मामा म्हणजे मातीतले, खरेखुरे पैलवान. कन्नड तालुक्यातल्या गावातून तरुणपणी शहरात आले, तालमीत राहिले, मग कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. दोन्ही कान अजून पैलवानासारखे मोडलेले आहेत. माझ्या मोबाइलमधून आरडाओरडा ऐकू आला की ओट्यावरून आवाज यायचा, "लाव तुझा तमाशा! ह्याला कुस्ती म्हणत्यात व्हय? नुरा हाय नुरा!"

नुरा म्हणजे दोघांनी आधीच संगनमत करून खेळलेली कुस्ती. मामांच्या जगात याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. माणूस एक वेळ चोर निघाला तर चालेल, पण नुरा खेळला म्हटल्यावर त्याला कोणी पाणी विचारणार नाही.

"मामा, हरणारा चांगला नसला तर जिंकणाऱ्याला कोण विचारतं?" मी आतून म्हणायचे.

"मुद्दाम हरायला काय अक्कल लागती?"

"पडून दाखवा बरं त्याच्यासारखं!"

"मी कशाला पडू? मी पाडणारा माणूस हाय!" असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवायचे. वाद तिथं संपायचा, कारण आता पुढं कोणती गोष्ट येणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक असायचं.

ती गोष्ट अशी. तालमीत मामांचा एक जिवाभावाचा जोडीदार होता. जुन्या शहरातला, मुसलमान, घरचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दोघं एका ताटात जेवायचे, एकाच वस्तादाचा मार खायचे. एका वर्षी पाचोडजवळच्या एका गावच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीला ह्या दोघांचीच जोड लागली. मातीतल्या कुस्तीचा कायदा सोपा आहे, पाठ मातीला टेकली की खेळ खलास. बराच वेळ झुंजल्यावर मामांनी चाचांना खाली घातलं, पंचानं मामांचा हात वर केला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. चाचा उठले आणि म्हणाले, "पीठ नहीं लगी."

झालं! तेव्हापासून टेकली आणि नाही टेकली. वर्षानुवर्षं एकत्र चहा प्यायचा, तो विषय निघाला की कप आपटून उठायचं आणि दोन दिवसांनी परत चहा. हे सगळं माझ्या लग्नापर्यंत सुरळीत चालू होतं. माझ्या लग्नात चाचांनी स्वतःच्या हातानं भरलेली भली जाड गादी आहेर म्हणून आणली. मामांनी भर पंगतीत कौतुकानं व्याह्यांना ओळख करून दिली, "हा माझा दोस्त. ह्याला मी चितपट केला होता." चाचांच्या हातात जिलबी होती. ती त्यांनी ताटात परत ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "झूठ बोलता है." त्यानंतर बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत.

गादी मात्र राहिली. ती आम्हा नवराबायकोला मिळायला पाहिजे होती, पण मामांनी स्वतःच्या खोलीत नेली आणि अजून त्याच गादीवर झोपतात. किती वेळा म्हटलं, मामा, दगड झालाय तिचा, नवीन आणू. तर म्हणतात, "असू दे. कापूस चांगला हाय." चाचांच्या सुनेची आणि माझी ओळख मात्र कधी तुटली नाही. ती उर्दू शाळेत शिकवते, तिचे सगळे ड्रेस माझ्याकडंच असतात. भांडण सासऱ्यांचं, मापं आमची.

यंदा त्या जत्रेच्या कमिटीतल्या पोरांना काय किडा चावला कोण जाणे. नारळ घेऊन दारात हजर! जुन्या मल्लांचा सत्कार ठेवलाय म्हणाले, फेटा बांधणार, आणि शेवटच्या कुस्तीच्या आधी तुमची दोघांची दोन मिनिटं दोस्तीची कुस्ती. तीच जोड, तीच माती. मी बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, मामांचा गुडघा गेलाय, बीपीची गोळी चालू आहे, सत्कार करा आणि सोडा. मामांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तो येणार हाय का?" एवढंच विचारलं. येणार म्हटल्यावर नारळ घेतला.

पोरं गेल्यावर मी तोंड सोडलं. वयाचं भान आहे का, हाड मोडलं तर कोण करणार, सगळं म्हणून झालं. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, मला फेटा नको, काय नको. मरायच्या आधी एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं हाय, टेकली होती म्हणून. तेवढं म्हणला की मी सुटलो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की उरलेलं भांडण मी तिथंच सोडलं. दोन मुलांची लग्नं केली, घर बांधलं, सासूबाई गेल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं नाही, आणि ह्या माणसाच्या जिवाला एवढंच लागून राहिलं होतं.

मग मी ते केलं जे टीव्हीवरची कुस्ती बघणारी बाईच करू शकते. कुस्ती ठरवायला निघाले.

जुन्या शहरात चाचांच्या दुकानात गेले तेव्हा सून शाळेत होती. आता कापूस मशीनवर पिंजतात, पण चाचा सवयीनं तिथंच बसतात. भुवयांवर कापूस, दाढीत कापूस. मी सगळं सांगितलं. मामांचा गुडघा, बीपी, डॉक्टर. शेवटी धीर करून म्हणाले, "चाचा, सलामी झाली की तुम्ही जरा लवकर खाली जाल का? पाठ टेकवून?"

बोलून बसले आणि माझीच बोबडी वळली. आयुष्यभर जो माणूस पाठ टेकली नाही म्हणत आला, त्याला मी त्याच गावात, त्याच मातीत ती टेकवायला सांगत होते. चाचा बाहीवरचा कापूस एक एक करून काढत राहिले.

"कौनसा घुटना?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"हौ, वो तब भी कच्चाच था." मग म्हणाले, "लेट जाऊँगा बेटी. मगर उसकू नक्को बोलना. नुरा का पता चला तो वो जिंदगीभर मेरा मुँह नहीं देखेगा."

बावीस वर्षं कोणी कोणाचं तोंड बघितलं होतं! पण मी मान डोलावली आणि डोळे पुसत रिक्षात बसले.

चार दिवसांनी चाचांची सून माझ्याकडं आली. सोबत गुलाबी पॉपलीन. "भाभी, अब्बा के लिए चड्डी सीनी है. आखाड्यात नुसता लंगोट बरा दिसत नाही आता. गुलाबीच पाहिजे म्हणाले. तालमीत असताना लाल मातीत मळून आणि धुऊन धुऊन लंगोट गुलाबीच व्हायचा म्हणे." मी त्या कापडाकडं बघितलं आणि कसंबसं हसू दाबलं. ठरवून हरणाऱ्याच्या अंगावर गुलाबी चड्डी! मनात म्हटलं, चाचा, तुम्हाला माहीत नाही, पण तुम्ही मोठ्या माणसाच्या पंगतीला बसलात.

मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर ती बाहेर ओट्यावर मामांजवळ बसली होती, ओढणीनं डोळे टिपत होती आणि मामा खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, जुनं भांडण निघालं असेल. मी चहा घेऊन दारातच थांबले.

त्याच दिवशी संध्याकाळी मामा माझ्या मशीनमागं येऊन उभे राहिले. "तुझा तो गुलाबी," घसा खाकरत म्हणाले, "कसा पडतो? दाखव बरं."

सुई बोटातच जायची राहिली! आजवर त्यांनी कधी माझ्या मोबाइलकडं धड बघितलं नव्हतं. मला वाटलं, आपलं बोलणं लागलं, म्हातारा हात-पाय जपून पडायला शिकतोय. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी लगेच त्यांच्या खोलीतली गादी ओढून दुकानात आणली आणि शिकवणी सुरू झाली. "हनुवटी छातीला लावा. डोकं नाही आपटायचं. हातांनी जमीन मारा, सगळा आवाज हातांचा. पडताना श्वास सोडा." मामा आधी बसून पडले, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं. तिसऱ्या दिवशी इतका मस्त आवाज काढला की समोरची शेजारीण धावत आली. नवरा ड्यूटीवरून आला तर बाप गादीवर निपचित, बायको टाळ्या वाजवतेय. तो चपला न काढता तसाच ओट्यावर जाऊन बसला.

"आवाज यायला पाहिजे ना लांबपर्यंत?" मामा विचारायचे.

"शेवटच्या रांगेपर्यंत, मामा!"

"आणि लागत नाय फारसं. अक्कल हाय त्या गुलाबीला." एवढी कबुली ऐकून मी देवापुढं पेढा ठेवला.

जत्रेच्या दिवशी चाचांची सून आणि मी बाकीच्या बायांबरोबर मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहिलो. हलगी अशी कडकडत होती की छातीत घुमत होतं. पोरासोरांच्या कुस्त्या झाल्या, मोठ्या जोड्या झाल्या, आणि मग भोंग्यावरून आमच्या दोन म्हाताऱ्यांच्या जोडीचा पुकारा झाला. एकीकडून मामा आले, लाल चड्डी. दुसरीकडून चाचा, गुलाबी. दोन्ही माझ्याच हातच्या, दोन्हींना दुहेरी टीप. गुडघे चोळत दोघं आखाड्याच्या मधोमध आले आणि बावीस वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांसमोर उभे राहिले. खाली वाकून माती उचलली, एकमेकांच्या खांद्याला लावली. हात मिळवले. माझ्या शेजारी चाचांची सून तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती.

मानेवर हात पडले. आता चाचा खाली जाणार, मी श्वास धरला. चाचांनी मामांचा हात धरून स्वतःकडं ओढला, म्हणजे मामांचं वजन आपल्यावर येईल. पण मामा येईनात. उलट तेच मागं झुकायला लागले. चाचा पुढं आले तर मामा आणखी मागं. मग चाचांनी गुडघा वाकवला, मामांनीही वाकवला. दोघंही समोरच्यानं पाडावं म्हणून वाट बघत उभे, आणि पाडायला कोणीच तयार नाही! लोक शिट्ट्या मारायला लागले. कोणीतरी ओरडलं, "ओ पैलवान, फुगडी खेळताय काय?"

मी सांगते, मी सासऱ्यांची सून नंतर, आधी कुस्तीची शौकीन. माझं डोकं सणकलं. इतकी भिकार नुरा मी जन्मात बघितली नव्हती! चाचा, पडा ना! आणि मामा, तुम्ही का मागं जाताय? पाडा की!

आणि मग दोघंही एकाच वेळी पडले. चाचा आपले म्हाताऱ्यासारखे टेकत टेकत, आणि मामा अगदी माझ्या शिकवणीप्रमाणं. हनुवटी छातीला, हात बाजूला सपकन, आवाज थेट ट्रॉलीपर्यंत. वर डोळेसुद्धा फिरवले. दोन्ही पाठी मातीत सपाट. पंच एकदा ह्याच्याकडं बघतो, एकदा त्याच्याकडं. सगळा फड हसून हसून लोळायला लागला.

मी चाचांच्या सुनेकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "तुमच्या मामांना. म्हटलं, अब्बाची शुगर लई वाढलीय, डॉक्टर ओरडतात, तुम्हीच जरा पडा. आणि भाभी, त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं."

"अगं भवाने," मी म्हणाले, "मी तुझ्या अब्बांना सांगितलं होतं!"

एका मिनिटात हो म्हटलं. ज्या माणसाला मरायच्या आधी एकच गोष्ट हवी होती, त्यानं एका मिनिटात हो म्हटलं आणि मग माझ्याकडं येऊन पडायला शिकला. मला रडू आवरेना. तशीच ट्रॉलीवरून उतरले, पाण्याचा तांब्या घेतला आणि आखाड्याकडं धावले. बाईमाणूस तिथं गेलेलं चालतं का, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

दोघं अजून तसेच पडलेले, शेजारी शेजारी, आभाळाकडं तोंड करून. उठायची घाई कोणालाच नव्हती. मामांना दम लागला होता.

"तू का पडलास रे?" मामा विचारत होते.

"तू कायकू पड़ा?"

चाचा मान वळवून म्हणाले, "लगी थी रे."

"काय?"

"पीठ. उस दिन लगी थी मेरी. तू सच बोलता था."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटले बाबा, मिळालं यांना. आता उठून मिशीला पीळ देतील. मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "नाय. नव्हती टेकली."

"लगी थी बोला ना मैं!"

"बोटभर अंतर होतं. माझा हात होता ना खाली? मला ठावं का तुला?"

"पीठ मेरी है, तेरे कू क्या मालूम!"

"अरे नव्हती म्हणतो ना!"

पंचानं बरोबरी जाहीर केली तरी ह्यांचं मिटेना. फेटे बांधताना चालूच, जेवताना चालूच. परतीच्या जीपमध्ये दोघं पुढं बसले आणि पाचोडपासून शहरापर्यंत टेकली आणि नाही टेकली, फक्त आता बाजू उलट्या. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, ह्यांचं भांडण काय आहे?" मी म्हणाले, "तू गाडी चालव."

त्याच्या पुढच्या रविवारी चाचा आमच्याकडं आले. ती गादी उसवली, आतला कापूस बघून मामांना चार शिव्या दिल्या आणि पिंजायला घेऊन गेले. आता दर रविवारी दुपारी येतात. माझ्या दुकानात स्टुलावर दोघं बसतात आणि माझ्या मोबाइलवर कुस्ती बघतात. चाचांना जांभळा झगा आवडतो. मी काही बोलत नाही, पाहुणे आहेत. गुलाबी पडला की मामा मांडीवर थाप मारून म्हणतात, "बघ, श्वास कसा सोडला!" आणि तेवढ्यावरून टेकलीचा विषय निघतोच.

परवा चाचा गेल्यावर मी मामांना मशीनवरूनच विचारलं, "मामा, आता तरी खरं सांगा. त्या दिवशी टेकली होती का नाही?"

मामांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं, चाचा कोपऱ्यावरून वळले का ते. मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "टेकली होती गं. चांगली दोन्ही खांद्यांनी टेकली होती. पण त्याला सांगशील तर बघ."